मी काढलेला दाराचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते. पण आज मी तापलो आहे तो चार्जिंगमुळे नाही, रागामुळे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे भाऊबंद एका मापाचे आणि एका चेहऱ्याचे होतो. दुकानातून मला दादाने आणलं. दादा म्हणजे माझ्या आताच्या मालकिणीचा मोठा भाऊ. त्याने माझ्यात स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि काळा गॉगल लावलेला फोटो टाकला. तेव्हा माझे काय लाड होते! जरा धूळ बसली की तो शर्टाच्या बाहीने मला पुसायचा. पुढे त्याने नवा फोन घेतला आणि मी बहिणीकडे आलो. त्या घरात दादाची सायकल, दादाची छत्री, सगळं वापरून झालं की तिच्याकडे यायचं. खातंही तसंच आलं, नावासकट आणि गॉगलसकट. "राहू दे तेच नाव. मुलीचा फोटो कशाला हवा चारचौघांत?" असं बाबा म्हणाले आणि विषय संपला.

ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. तिथल्या बायकांच्या संडासाची कडी सुपरवायझरने काढून टाकली होती. का, तर म्हणे बायका आत गप्पा मारत बसतात! मग एक आत गेली की दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहायची, आणि काम खोळंबलं म्हणून बोलणी दोघींना. बायकांनी पाणी पिणंच कमी केलं. कापड कापणाऱ्या मावशींना तर त्यापायी आजारपण जडलं. एकदा बाहेर कुणी उभं नव्हतं आणि त्या आत असताना सुपरवायझरने सरळ दार ढकललं, आणि वर तोच ओरडला, "आवाज द्यायला काय झालं होतं?" मावशी उरलेला दिवस खाली मान घालून कापड कापत राहिल्या.

त्याच दिवशी मालकिणीने माझ्याकडून त्या दाराचा फोटो काढून घेतला. कडीच्या जागी स्क्रूची रिकामी भोकं स्पष्ट दिसत होती. खाली तिने लिहिलं, "इथे कडी होती. ती मुद्दाम काढली. आत बाई असताना हे दार कुणीही ढकलू शकतं. कडी परत लावा."

खातं दादाच्या नावाचं, त्यामुळे लिहिणाराही दादाच ठरला. मग काय विचारता! "भावा, मानलं तुला!" "बायकांसाठी उभा राहणारा खरा मर्द!" दादाचा एक काडीसारखा मित्र आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याने तर टाळ्यांची रांगच लावली. एका संस्थेने दादाला भाषणाला बोलावलं. कारखान्यातून निरोप आला, "साहेब, लगेच कडी लावतो."

दादा भाषणासाठी शर्टाला इस्त्री करू लागला.

"दादा, ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

"अगं, मग काय झालं? नाव कुणाचंही असो, काम झाल्याशी मतलब."

"कुणाचंही चालतं ना? मग माझं लावते."

तिने तिथल्या तिथे खात्याचं नाव बदललं आणि मशीनवर काम करतानाचा आपला फोटो लावला. दाराचा फोटो तोच होता. खालच्या मजकुरातलं एक अक्षरही तिने बदललं नव्हतं.

आणि मित्रांनो, मग घाण सुरू झाली. "हिला प्रसिद्धीचा सोस." "आधी स्वतःचं तोंड बघ." "एवढंच आहे तर घरी बस ना!" याहून वाईट जे होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते सगळं माझ्या काचेवर उमटत होतं आणि मला डोळे मिटता येत नव्हते. कारखान्यातलं 'साहेब' गेलं आणि 'ए' आलं. "ए, ते पुसून टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," सुपरवायझर म्हणाला. कडीचं तर नावच नाही.

"पुन्हा माझं नाव लाव. शिव्या थांबतील आणि कडीही मिळेल," दादा म्हणाला. ते खरं होतं. माझा संताप झाला तो ते खरं होतं म्हणूनच.

तिने मला त्याच्या हातात दिलं. "आधी सगळं वाच, मग सांग."

वाचता वाचता दादाचा अंगठा थांबला. सगळ्यात घाणेरडी ओळ पैलवानाची होती. तो या घरी येऊन तिच्या हातचा चहा पिऊन जायचा. फोटोत तिची मान खाली होती आणि तिचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याने ओळखलं नव्हतं. दादाने तिच्यासमोरच त्याला फोन लावला.

"ती माझी बहीण आहे रे."

"अरे यार, सॉरी! मला वाटलं, कोणीतरी बाई आहे."

दादाने फोन ठेवला. त्याला बहिणीकडे बघवेना. मग त्याने स्वतःच्या फोनवरून त्या फोटोखाली लिहिलं, "हे माझ्या बहिणीने लिहिलंय. मी काहीच केलेलं नाही. भाषणाला तीच येईल."

शिव्या थांबल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याच फोटोखाली एका नव्या खात्यावरून तीन शब्द आले, "आत मी होते." मावशींनी नातीकडून खातं उघडून घेतलं होतं, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या फोटोसकट. त्याखाली कारखान्यातल्या बायका एकेक करून आपापल्या नावाने लिहू लागल्या, "मीही जाते त्याच दारातून." सगळ्यांना कामावरून काढलं तर शर्ट कोण शिवणार? कडी लागली. सुपरवायझरने त्या कडीशेजारी उभं राहून फोटो काढला आणि खाली लिहिलं, "आम्ही महिलांची काळजी घेतो." मिळालेल्या टाळ्याही मी पाहिल्या. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं मला वाटत होतं.

मित्रांनो, जुना फोन काच जपायची विनंती करील असं तुम्हाला वाटलं असेल. काचेचं मरू द्या. माझं एवढंच ऐका. कुणी काही लिहिलेलं दिसलं की त्याचं नाव आणि फोटो अंगठ्याने झाका. नुसते शब्द वाचा आणि काय उत्तर द्यायचं ते ठरवा. मग अंगठा उचला. वर बाईचं नाव दिसलं, तरी तेच उत्तर लिहा.