फोन आला की हवा बंद

टाकीच्या पोटात एलियाच्या नोझलमधली हवा पुन्हा तटकन बंद झाली. हातातला नोझल टाकून, हेल्मेटसकट तो मॅनहोलातून बाहेर डोकावला.

“आला?”

बारीक, टोकदार ग्रिट भरलेल्या पॉटपाशी उभ्या हनुमंतानं हात हलवला. “न्हाई वो मामा. ग्रिट ओलं हाय, तुंबलं.”

सकाळपासून ही तिसरी वेळ. फोन आला की हनुमंतानं हवा बंद करायची, असं दोघांचं ठरलं होतं. आणि मेलं ग्रिट आजच वैर साधत होतं. लेक फेथ बाळंतपणाला शिरूरच्या दवाखान्यात, बायको प्रेमाबाई तिच्याजवळ, आणि हा यवतजवळच्या यार्डात मळीच्या टाकीचा गंज ग्रिटच्या फवाऱ्यानं उडवतोय. साफ केलेला पत्रा रंगाविना ठेवला तर लगेच गंजतो आणि रंगारी दुपारी येणार, म्हणून आलो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसायची त्याची छातीच झाली नव्हती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तो तिथंच बसला होता. तेव्हाचं मूल रडलंच नाही.

हवा सुटली. एलिया आत गेला आणि पांढऱ्याशुभ्र झालेल्या जागेवरूनच पुन्हा पुन्हा नोझल फिरवत राहिला.

चौथ्यांदा हवा थांबली, तेव्हा हनुमंत फोन उंच धरून धावत आला. कॉम्प्रेसरही त्यानं बंद केला होता. एलियानं हेल्मेट ओढून काढलं. बावीस वर्षं झोडपलेल्या कानात नुसतं सुंई वाजत होतं.

“प्रेमा? मोठ्यानं बोल! मोठ्यानं!”

काही कळेना. त्यानं फोन हनुमंताच्या हातात कोंबला. “तू ऐक. रडतंय का?”

हनुमंतानं दुसऱ्या कानात बोट घातलं. त्याचीही हयात कॉम्प्रेसरशेजारीच गेलेली. “काय बी उमगंना, मामा.”

दोघं शेडकडे पळाले. तिथं कस्तुराबाई वापरलेलं ग्रिट चाळत होती. ती दिवाळीनंतर कामाला लागलेली, कान अजून शाबूत. एलियानं हनुमंताच्या हातून फोन ओढून घेतला. तो त्यानं नुसताच तिच्यापुढं धरला.

तिनं चाळण ठेवली, पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावला. लगेच तोंड वेडंवाकडं करून तिनं तो चांगला वीतभर लांब धरला.

“अगं बया! काय नरडं म्हनावं ह्ये!”

तिचं बोलणं एलियाला ऐकू आलं नाही. त्याला ते वीतभर अंतर दिसलं, आणि तो ग्रिटच्या ढिगावर मटकन बसला.