एका टोपलीला चार तारे

पासिताने अंगठा झग्याला पुसला आणि पुन्हा काचेवर ओढला. पान हललं नाही. वीस वर्षं मिठात आणि माशांच्या आतड्यांत बुडालेला तो अंगठा. काचेला तो माणसाचा वाटेना.

"नानाय, दे इकडे. तुझ्याने नाही व्हायचं ते," म्हणत जोवेलिनने टॅब ओढून घेतला.

आईला नानाय म्हणणारी ही आठ वर्षांची पोर रोज दुपारी तिच्यासमोर उपड्या क्रेटवर बसून वाचायची. मोठ्याने. पासिता मासे उभे चिरून मिठात टाकायची आणि ऐकायची. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरं ओळखायची, पण त्यांचा शब्द होईपर्यंत धीर संपायचा. जोवेलिनला एका पुस्तकाला चार दिवस लागत, कारण ती मध्येच थांबून पुस्तकाशी भांडायची.

"ही बाई विहिरीत उतरलीच कशाला? दोर कुरतडलेला दिसला नाही तिला?"

"मला काय विचारतेस? मी उतरवली का तिला?" पासिता म्हणायची, आणि सुरी थांबवून पुढचं ऐकायची.

पण शाळेने तिसरीच्या पोरांना टॅब वाटले तेव्हा भिंतीवर एक तक्ताही लावला होता. पुस्तकाचं शेवटचं पान आलं की टॅबमध्ये घंटी वाजे, पोराच्या नावापुढे एक तारा चढे. मार्चअखेर ज्याचे तारे सर्वांत जास्त, त्याच्या आईने मंचावर चढून त्याच्या छातीवर रिबीन टाचायची. नाव पोराचं असलं तरी सोहळा आयांचाच. देलिया थोरल्या दोघांच्या वेळी दोनदा चढून आली होती आणि तिसऱ्या खेपेचे बूट आणून बसली होती.

देलिया म्हणजे शेजारीण, आणि बाप्तिस्म्याच्या वेळेपासून जोवेलिनची धर्ममाता. त्या नात्याने दोघी एकमेकींना 'मारे' म्हणत, आणि त्याच नात्याने टोचत.

"मारे, तुझी पोर पुस्तक वाचते की चघळते? माझ्या प्रिन्सेसचे एकेचाळीस झाले. तुझे किती, सहा?"

"सात."

"मग काय घाई आहे. नातवंडांच्या वेळी चढशील मंचावर."

पासिताने प्रिन्सेसकडे नीट पाहिलं. पायरीवर बसून ती पोर कोंबडीची पिसं उपटावीत तशी बोटाने पानं ओढत होती, आणि नजर गल्लीतल्या कुत्र्यांच्या भांडणावर. थोड्या थोड्या वेळाने घंटी.

पासिताला वाचता येत नसलं तरी मोजता येत होतं. एक टोपली मासे चिरून होईतो असली चार पुस्तकं सहज निघतील. दर तिथल्या तिथे ठरला.

"बोट ओढ. थांबू नकोस," तिने घरी येऊन सांगितलं.

"पण ती बाई अजून विहिरीतच आहे."

"असू दे. तहानेने तर मरणार नाही?"

जोवेलिन हसली. आई गंमत करतेय असं तिला वाटलं. पासिताने मिठाचा ओला हात तिच्या पाठीत घातला. फार जोरात नाही; पण सदऱ्यावर पाच बोटं वाळून पांढरी उमटली. थोड्या वेळाने घंटी वाजली.

सुरुवातीला पोर रडली. एकदा चुलीमागे चोरून वाचताना सापडली, तेव्हा सगळ्यांची भांडी घासून झाल्यावर तिला भात मिळाला. त्यानंतर काही सांगावं लागलं नाही.

फेब्रुवारीत वर्गशिक्षिका मॅडम अर्सिलियांनी पासिताला शाळेत बोलावून घेतलं. आता पकडले गेलो, असं म्हणत ती गेली.

"एका दुपारी सोळा पुस्तकं?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

पासिताने हात पदरच नसलेल्या झग्यात कुठेतरी लपवले.

"जोवेलिनची आई, जिल्ह्याला आकडा कळवावा लागतो. आपली शाळा तिसऱ्या नंबरावर आहे." मॅडमनी आवाज खाली आणला. "वीस जमतील?"

जमले. मार्चमध्ये सहाशे अठरा ताऱ्यांवर जोवेलिनचं नाव पुकारलं गेलं आणि पासिता उसन्या बुटांत मंचावर चढली. देलियाने खालून दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. पासिताने मिठाने बधिरलेल्या अंगठ्याने टाचणी इतकी दाबली की ती रिबिनीतून, सदऱ्यातून पोरीच्या कातडीत गेली. आपल्यापुढे किती पोरं बसली आहेत ते जोवेलिन मोजत राहिली.

घरी आल्यावर पासिता मासे चिरायला बसली. आज तिचं मन मोठं झालं होतं. वर्गातला तक्ता उतरवला होता, तारे मोजायचे दिवस संपले होते, आणि कित्येक दिवसांत तिने एकही गोष्ट ऐकली नव्हती.

"बस इथं. वाच काहीतरी, मोठ्याने. हवा तेवढा वेळ घे."

जोवेलिन क्रेटवर बसली. पासिताने नीट ऐकू यावं म्हणून सुरी हळू केली. बोट सरसर सरकलं आणि घंटी वाजली.

"अगं, वाच म्हटलं ना."

"वाचलं."

"मग काय होतं त्यात?"

जोवेलिनने खरंच आठवून पाहिलं. आईला बरोबर उत्तर द्यायचं होतं तिला.

"चोवीस पानं," ती म्हणाली, आणि पुढचं उघडलं.