थांब जराशी

"आता काढता का नाई?" केशरबाईंनी विचारलं. अंगणातल्या निंबाच्या सावलीत खुर्चीवर बसून त्यांना बराच वेळ झाला होता आणि डाव्या गालातली गाठ ठणकायला लागली होती.

"थांब जराशी," शेषराव म्हणाले. "उजेड पाहून राहिलो."

उजेडाला काय धाड भरली होती? अमरावतीतला एप्रिलचा उजेड तो, मागाल तेवढा. खरं म्हणजे शेषराव भ्यायले होते. त्यांच्यापुढे तिपाईवर घडीचा जुना कॅमेरा उघडा उभा होता. झाकण खाली पाडलं की भिंग पुढे येतं आणि त्याच्यामागे बाजाच्या पेटीसारखा काळा कातडी भाता उलगडतो, तसला. अकोल्याच्या जुन्या शहरात एका भंगारवाल्याकडे तो गंजून पडला होता. शेषरावांनी त्याची कळ साफ केली, भिंग पुसलं, भात्याच्या कोपऱ्याला भोक पडलं होतं तिथे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून काळं ठिगळ मारलं. नोकरी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली आणि उरलेला सगळा जीव असल्या डब्यांत. त्यांनी मोर्णा नदीवरचा पूल काढला, वरुडला संत्र्यांचे ढीग काढले, चांदूर रेल्वेच्या फलाटावर झोपलेलं कुत्रंसुद्धा काढलं. बायको तेवढी राहिली. ती काय, घरातच होती.

परवा नागपूरला तिचं ऑपरेशन होतं. डावीकडचा अर्धा जबडा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीनं, दीक्षानं, मोबाइलवर आईचे ढीगभर फोटो काढून ठेवले होते. पण काल जेवताना केशरबाई म्हणाल्या होत्या, "साऱ्या दुनियेचे फोटो काढले तुमी. माहा एकबी नाई. हे तोंड हाये तोवर काढा."

त्यावर शेषराव अर्ध्या ताटावरून उठून कॅमेरा पुसायला बसले होते.

म्हणून आता ते अंतर मोजत होते. परत मोजत होते. तिपाई इकडे सरकवत होते, तिकडे सरकवत होते. केशरबाई सावलीत होत्या, कॅमेरा उन्हात तापत होता. कॅमेऱ्याच्या इवल्या खिडकीतून पाहिलं की केशरबाई एवढ्याशा दिसत आणि शेषरावांना वाटे, चुकलं तर? मग ते पुन्हा टेप घेऊन निघत.

"बाबा, आई थकून राहिली ना!" दीक्षा दारातून ओरडली.

"थांब, थांब जराशी."

असे तीनच फोटो निघाले. मग केशरबाईंना बसवेना.

संध्याकाळी न्हाणीघराच्या फटींना चिंध्या कोंबून शेषरावांनी फिल्म धुतली. दिवा लावून पट्टी वर धरली आणि तिथेच पाटावर बसले. तिन्ही चौकटी काळ्याठिक्कर होत्या. पुढची न वापरलेली फिल्म तेवढी स्वच्छ. उजेड घुसल्यावर फिल्म अशीच काळी होते, हे एक्स-रेवाल्याला कोणी सांगावं लागत नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या पोटात टॉर्च धरली. भात्याच्या कोपऱ्यात लख्ख ठिपका चमकला. उन्हानं सोल्युशन पातळ होऊन ठिगळ सुटलं होतं. लगेच फोटो काढला असता तर ते सुटलंही नसतं. त्यांनी स्वतःच्या हातानं त्या कॅमेऱ्याला तासभर उन्हात भाजलं होतं.

दुसरा रोल घरात नव्हता. तो मुंबईहून मागवावा लागे. आणि सकाळी गाडी होती.

"आला का चांगला?" केशरबाईंनी बॅग भरता भरता विचारलं.

"वाळून राहिला," शेषराव म्हणाले.

नागपूरला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. बाई जगेल की नाही याची धास्ती होतीच, आणि त्या धास्तीच्या पोटात ही दुसरी. जगली तर फोटो मागेल. नाही जगली तर खोटं ऐकून गेली. शेषरावांनी दीक्षालाही सांगितलं नाही. तिनं आणलेला चहा हातातच निवला.

केशरबाई जगल्या. घरी आल्या त्या पदरानं अर्धं तोंड झाकूनच. वाटीनं पातळ पेज प्यायच्या, तीही भिंतीकडे तोंड करून. पार्बताबाई शेजारून भेटायला आली की झोपेचं सोंग घ्यायच्या. बोलणं अजून नीट फुटत नव्हतं. एका सकाळी त्यांनी शेषरावांपुढे बोटांनी हवेत चौकोन काढला.

फोटो.

मुंबईहून रोल येऊन पडला होता, भात्याला नवं ठिगळ मारून तो शेषरावांनी कॅमेऱ्यातही भरला होता, पण बोलायची हिंमत झाली नव्हती.

"नाई आला," ते म्हणाले. "सारे जळले. मी तुले खोटं सांगितलं, केशर. मीच वेळ लावला, उन्हात ठेवला. माह्याच हातानं गेलं ते."

आणि ते रडले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोपुढे रडले.

केशरबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या होत्या, हे डोळ्यांत दिसतच होतं. मग त्या उठल्या, भिंतीला धरत अंगणात गेल्या आणि निंबाखालच्या बाजेवर बसल्या. शेषराव मागोमाग गेले. केशरबाईंनी घराकडे बोट दाखवलं.

"का पाहिजे? पाणी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तोंडातून मोडके, ओले शब्द आले, "आना... तो... डब्बा."

शेषराव कॅमेरा घेऊन आले तेव्हा पदर खांद्यावर पडला होता. डावा गाल आत बसला होता, ओठ एकीकडे ओढला गेला होता, आणि हनुवटीपासून कानापर्यंत टाक्यांची लाल रेघ गेली होती. कुंपणापलीकडे पार्बताबाई कपडे वाळत घालता घालता थांबली. शेषरावांचा हात सवयीनं टेपसाठी खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. त्यांनी झाकण पाडलं, भाता उघडला आणि कळ दाबली.

"झाला," ते म्हणाले.

केशरबाईंनी पदर घेतला नाही. दुसरा काढेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.