तळ्यावरचा तीन वर्षांचा ढग

"आई, आपल्या तळ्यावर तीन वर्षं एकच ढग ठाण मांडून बसलाय का गं?"

विचारणारी आठवीतली मुलगी. तिची आई उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करते. आईच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न माझ्याबद्दल होता.

मित्रांनो, मी एक जुना पिक्सेल आहे, म्हणजे त्या फोटोतला एक चिमुकला चौकोन. एका निरभ्र सकाळी तळ्यावरून परतलेला उजेड उपग्रहाच्या डोळ्यात शिरला आणि माझा जन्म झाला. जन्मतःच माझ्या गळ्यात एक आकडा अडकवला गेला. ढग असेल तर एक, सावली असेल तर दोन, पाणी असेल तर चार, बर्फ असेल तर आठ. जे जे असेल त्याची बेरीज, आणि यातलं काहीच नसेल तर शून्य. माझा आकडा चार. म्हणजे नुसतं पाणी. ढगाचं नावसुद्धा नाही.

"काय स्वच्छ चित्र आलंय," असं आई म्हणाली तेव्हा माझी कोण ऐट! पण तेव्हा ती शेतांचे नकाशे करायची. शेतांसाठी कोरडी, मोकळी जमीनच हवी, म्हणून तिने नियम लिहिला: शून्य सोडून बाकी सगळं ढगाळ समजून गाळा. शेतांपुरतं ते चालून गेलं. पुढे तळ्याचं काम आलं आणि घाईघाईत तोच नियम लावला गेला. माझ्यामागून दर महिन्याला माझी भावंडं आली, तीही चार आकड्याचीच. सगळ्यांची रवानगी नकाशातल्या ढगांच्या राखाडी रंगात. तीन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता उद्याच्या बैठकीत 'पाणी दिसत नाही' म्हणून तळं जपायच्या तळ्यांच्या यादीतून निघणार होतं. मग ते बुजवून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती.

"ढग हलतो ना गं? मग हा का हलत नाही?" मुलगी काही पिच्छा सोडेना.

आईने वैतागून माझ्यावर क्लिक केलं. चार. शेजारच्यावर केलं. चार. पुढच्या महिन्यांच्या फोटोंतही चारच. तिने आपला जुना नियम उघडून वाचला.

लेकीला न्यायला आलेल्या बाबांनी दारातूनच विचारलं, "काय झालं?"

"शेतांचा नियम तळ्याला लावला मी," आई पुटपुटली. "उद्या कोणत्या तोंडाने सांगू?"

"याच तोंडाने. पाणी सापडलंय म्हणायचं, आणि त्याच दमात चूक झाली म्हणायचं."

मला आईचा राग नाही आला. कामाच्या ढिगाऱ्यात कुणाचंही असं होतं. मित्रांनो, माझं मागणं एवढंच: आकडा शून्य नाही म्हणून कुणाला गाळू नका. तो काय सांगतोय, ते आधी नीट वाचा.

मुलीने दोघांकडे पाहिलं आणि आईच्या शेजारी खुर्ची ओढली.

"ठरलं. उद्या मी शाळेत जात नाहीये, तुझ्याबरोबर बैठकीला येतेय. चूक तू सांग, आकडे मी वाचून दाखवते. बाबा, तुम्ही बाईंना चिठ्ठी लिहा."