गव्हाणीपुढचं हिरवं

वसईच्या किनाऱ्यावर डिसेंबर येतो तो अनवाणी पावलांनी. सुरूच्या बनातून गाळून आलेला वारा, केळीच्या पानांवर दवाची थरथर, विहिरींच्या काठांवर रेंगाळणारं दुधाळ धुकं. आणि त्या धुक्याच्या पैलाडून, जणू दुसऱ्याच कुठल्या गावातून, चर्चची घंटा. ओट्याओट्यांवर कागदी चांदण्या झुलतात. लाल चांदणी, पिवळी चांदणी, कुणाच्या आंब्यावर उंच टांगलेली निळी चांदणी. उजाडलं तरी विझवायची राहून गेलेली.

डाबऱ्यांच्या घरात मात्र चांदणीकडे मान वर करायला कुणाला सवड नव्हती. तांबडं फुटायच्या आत इनास जास्वंदीच्या कळ्यांची करंडी घेऊन बाजाराला निघे. त्याची बायको कातरीन नाताळच्या केकांत कोपरापर्यंत बुडालेली. हातांना लोण्याचा गंध, भुवयांवर मैद्याचं पिठूर चांदणं. नऊ वर्षांची नेरिसा शाळेतून आली की कंगव्यावर नाताळच्या फराळाची गोड कलकल वळी, आणि वळता वळता गायनाची तालीम करी. भट्टी धगधगे, घड्याळ धावे, दारातली बेल वाजे. आणि दिवस असा सरे, की सरला हेही कळू नये.

मधल्या खोलीत खाटेवर इनासचे वडील बावतीस. एका डोळ्यात मोतीबिंदूचं धुकं. दोन्ही डोळ्यांत पावसाळ्यापासूनचं दुसरंच धुकं. पावसाळ्यात त्यांची फिलोमेन गेली, आणि त्यांचं बोलणंही तिच्या मागोमाग गेलं.

जाण्याच्या आदल्या दुपारी फिलोमेननं सुनेच्या मुठीत एक बाटली ठेवली होती. औषधाची जुनी बाटली. आत तिच्या वाडीतली नाचणी, तांबूस, बारीक, गच्च भरलेली. दरसाल नाताळात बाळ येशूची गव्हाणी बावतीसनं बांधायची, भाताच्या सोनेरी पेंढ्याची. आणि तिच्यापुढचं इवलं शेत फिलोमेननं उगवायचं, मातीच्या तीन थाळ्यांत.

“आगमनकाळाच्या दुसऱ्या आयतवारी पेर. काळोखात ठेव, म्हणजे उंच वाढते. बाळ येतं तेव्हा गव्हाणीपुढं हिरवं पाहिजे. विसरशील गं?”

“नाही विसरणार, आय.”

आणि कातरीन विसरली.

दुसरा आयतवार आला नि केकांच्या वाफेत विरला. तिसराही विरला. वीस तारखेला नेरिसा धावत आली: “मम्मी, आबांनी गव्हाणी बांधायला घेतली! आजीचं शेत कुठंय?”

कातरीनच्या हातातला डाव पातेल्यात तसाच थांबला.

साड्यांच्या घडीतून बाटली निघाली. उरले होते दिवस चार. दाणे भिजले, थाळ्या भरल्या, ओल्या फडक्यानं झाकल्या. दर तासाला ती फडकं उचली. काळी माती. मुकी माती. पहाटेची घंटा विचारी, पेरलंस का? सांजेची घंटा विचारी, पेरलंस का? कुणाला न सांगता ती पाणी शिंपडी, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द छातीत खड्यासारखा टोचत राही. अंगणात बावतीस मुकाट्यानं पेंढा विणीत. ते काही विचारीत नसत. त्यांचं ते न विचारणंच तिला अधिक जड होई.

तेवीस तारखेच्या सकाळी कातरीननं त्यांची खोली झाडायला घेतली. खाटेखाली केरसुणी कशाला तरी अडली. गोणपाट होतं. गोणपाटाखाली तीन थाळ्या.

थाळ्यांत दाटीवाटीनं उभी होती फिकट, पिवळसर, सुतासारखी रोपं. काळोखानं पोसलेली, काळोखात उजेड शोधणारी. पण नाचणीची पाती सुईसारखी; आणि इथं तर प्रत्येक देठावर दोन-दोन गोल पानं, मिटल्या ओठांसारखी.

दारात बावतीस उभे होते. छातीशी पेंढ्याची पेंडी.

“दुसरा आयतवार गेला. आठवडाभर तुझी वाट बघितली,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज घराला ऐकू आला. “तू भट्टीशी झुंजतेस. म्हटलं, पोरीला कशाला टोचायचं? सैपाकघरातल्या डब्यातली काढून मीच पेरली. वाढली ना गं नाचणी?”

त्यांच्यामागून आत शिरलेली नेरिसा वाकून बघत होती. ती खुदकन हसली. “आबा, ही तर मोहरी! फोडणीची!”

बावतीस खाली बसले. बोटांनी त्यांनी एक पान चाचपलं, दुसरं चाचपलं. डोळ्यांना जे दिसलं नाही ते बोटांना कळलं.

“चाळीस वर्षं सैपाकघरात पाय ठेवू दिला नाही तिनं. म्हणायची, डबे उलटेसुलटे कराल. बघ, केले की नाही!” ते हसायला गेले, हसू वाटेतच भिजलं. “तिचं हिरवं माझ्या हातून चुकलं.”

कातरीन उठली. स्वतःच्या तीन थाळ्या तिनं आणून त्या थाळ्यांशेजारी ठेवल्या आणि फडकं काढलं. काळ्या मातीत पांढरी टिंबं, नुकतीच उकललेली; पहाटेच्या आभाळात मागं राहिलेल्या चांदण्यांसारखी.

“चूक तुमची नाही, बाबा. बाटली तिनं मला दिली होती. शब्द मी दिला होता. मी विसरले.”

बावतीसनं बोटाचं टोक त्या टिंबांवरून हलकेच फिरवलं.

“आज असती तर दोघांनाही झाडलं असतं,” ते म्हणाले. “आधी तुला.”

“आधी तुम्हाला, बाबा.”

मग दोघांनी मिळून सहाही थाळ्या पूर्वेच्या खिडकीत मांडल्या.

दिवसभर ऊन आलं नि गेलं. रोपांचा पिवळेपणा हळूहळू उतरत गेला, जसा तापकऱ्याचा ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा आलं. मोहरी हिरवी झाली, उजेडाच्या ओढीनं एका अंगाला कलली; आणि मागून, घाईघाईनं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी नाचणी सुईच्या टोकाएवढी वर आली.

नाताळच्या आदल्या सांजेला भट्टी निवली. इनास रिकामी करंडी घेऊन घरी आला, नेरिसानं गायनाचा पांढरा झगा चढवला. पेंढ्याच्या गव्हाणीत अजून बाळ नव्हतं, ते मध्यरात्री ठेवायचं. होती ती नुसती मऊ, सोनेरी, वाट पाहणारी खळगी. कातरीननं थाळ्या आणल्या. पुढं नाचणी, मागं मोहरी. बावतीसनं हात लांब केला आणि मागची एकेक थाळी हलकेच फिरवली. रोपं खिडकीकडे कललेली होती, ती आता गव्हाणीकडे कलली.

बाहेर घंटा झाली. या वेळी तिनं काही विचारलं नाही. ओट्यावरची लाल चांदणी लागली, तिचा उजेड उंबरा ओलांडून आत आला. आणि त्या उजेडात, रित्या गव्हाणीपुढं, चुकलेलं नि उशिरा उगवलेलं सगळं हिरवं, मान लववून, उभं राहिलं.