दर रविवारी अकराला अडकणारी साईट

लातूरचे बसवंतआप्पा वधू-वर सूचक केंद्र चालवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वह्या गेल्या आणि वेबसाईट आली. ती बनवली नांदेडच्या तनुजानं. तिथल्याच श्रीनगर भागातल्या एका खोलीच्या ऑफिसातून ती एकटीच असली कामं करते.

तुळशीचं लग्न झालं आणि साईटवर वर्दळ वाढली. मग एका रविवारी सकाळी अकराला साईट अडकली. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी फोनवर आप्पांचा आवाज चढलेला होता.

"ताई, पुन्हा बसली बघा! नुसतं चाक फिरून राहिलंय. शेवटी मीच बंद करून चालू केली."

"आप्पा, तेवढं करू नका हो. चालू केली की आत काय अडकलं होतं ते सगळं पुसलं जातं."

गर्दीमुळे होत असेल असं तिला आधी वाटलं होतं, म्हणून दुसऱ्या रविवारनंतर तिनं सर्व्हर मोठा घेतला होता. काही फरक पडला नाही. उलट साईट अडकलेली असताना सर्व्हर जवळजवळ रिकामा बसलेला दिसे. काम जास्त झालं म्हणून तो थांबत नव्हता, कशाची तरी वाट बघत होता.

चौथ्या रविवारी ती पावणेअकरापासून लॅपटॉप उघडून बसली. अकरा वाजून दोन मिनिटांनी पान थांबलं. लगेच आप्पांचा फोन.

"आप्पा, दहा मिनिटं कशालाच हात लावू नका."

"दहा? उदगीरहून पोरीचे मामा आलेत, समोर बसलेत. त्यांना स्थळं दाखवायचीत!"

"चहा पाजा."

"दोनदा पाजला."

"मग मुरमुऱ्यांचा सुशीला मागवा."

तेवढ्या वेळात तिनं मेमरी डंप घेतला, म्हणजे त्या क्षणी सर्व्हरच्या डोक्यात जे काही होतं त्याची जशीच्या तशी नक्कल. ती फाईल हाती आल्यावरच तिनं साईट पुन्हा चालू केली.

फाईलमध्ये दोनशे थ्रेड होते. थ्रेड म्हणजे सर्व्हरचे काम करणारे हात. दोनशेच्या दोनशे थांबलेले. एकशे अठ्ठ्याण्णव जण दोघांच्या मागे ताटकळत होते, आणि ते दोघे एकमेकांसाठी अडले होते. एकानं ११८७ नंबरच्या मुलाची नोंद धरून ठेवली होती आणि त्याला २०४३ ची हवी होती. दुसऱ्यानं २०४३ च्या मुलीची धरली होती आणि त्याला ११८७ ची हवी होती. मुलानं मुलीला आणि मुलीनं मुलाला, एकाच क्षणी 'पसंती कळवा' केलं की असं होणार होतं. कोड तनुजाचाच होता. तिनं कपाळावर हात मारला आणि एकटीच हसत सुटली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. कुणीही बटण दाबो, आधी लहान नंबरची नोंद धरायची, मग मोठ्या. पण मागच्या तिन्ही रविवारच्या लॉगमध्येही, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीतही, शेवटी हेच दोन नंबर कसे? तिनं आप्पांना नंबर सांगितले.

"११८७ म्हणजे औशाचा श्रीशैल. बँकेत हाय. अन् २०४३ तुमच्या नांदेडची सुकन्या, कॉलेजात शिकवती. थांबा, पोराला लाईनवर घेतो."

आप्पांनी श्रीशैलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, आमची ओळख कंधारला झाली, मित्राच्या लग्नात. घरी सांगायची हिंमत न्हाई. म्हटलं, स्थळ साईटवरनंच आलं असं होऊ द्यावं. पण आधी पसंती कुणी कळवायची? ती म्हणती तू, मी म्हणतो तू. मग फोनवर एक, दोन, तीन म्हणून दोघांनी एकदम दाबायचं ठरवलं. रविवारी दोघांना सुट्टी असती."

"अन् दर वेळी साईट बसली," आप्पा म्हणाले.

"हाव. आता सुकन्या म्हणून राहिली, हा अपशकुन हाय, सोडून देऊ."

तनुजा घाईनं मध्ये पडली. "अपशकुन कसला! चूक माझी आहे, मी नीट लिहिलं नव्हतं. तिला आत्ता फोन करा आणि दोघांनी पुन्हा दाबा. एकदमच दाबा, मला तपासायचंय."

पाच मिनिटांनी स्क्रीनवर दोन पसंत्या आल्या, एकाच सेकंदाच्या. साईट चालूच राहिली. तनुजानं टेबलावर थाप मारली.

"आप्पा, बाबांना आमचं काही..." श्रीशैल चाचरत म्हणाला.

"तुमचं काय? माझ्याकडं दोन पसंत्या आल्यात. त्यापलीकडं मला काय म्हाईत?"

सुकन्याच्या वडिलांनी आठ दिवस चौकशी केली आणि नांदेडला बघण्याचा कार्यक्रम ठरवला. आप्पा तनुजालाही घेऊन गेले. ओळख लपवायच्या नादात श्रीशैल खाली मान घालून पोह्यांकडेच बघत बसला. सुकन्या समोर आली तरी त्यानं मान वर केली नाही. तिच्या आईचा चेहरा उतरला.

"पोरगी मनाला आली न्हाई का हो?" तिनं हळूच आप्पांना विचारलं.

ते श्रीशैलनं ऐकलं. "आली, आली! लई आली!"

एवढ्या मोठ्यानं तो ओरडला की पोह्यांची बशी मांडीवर कलंडली, आणि सगळ्यांत आधी सुकन्याच हसली.