बाळंतिणीच्या खोलीतली मेजवानी

गावाच्या नव्या आरोग्य केंद्रावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमा, असा वरून हुकूम आला तेव्हा गावप्रमुख तेमिरकाननं बरंच डोकं लढवून बुरुलसूनचं नाव घातलं. बाई विधवा, सरळ, रोट्या भाजून विकणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुख्य म्हणजे केंद्र बांधणारा ठेकेदार ओरोझाकून हा तिचा व्याही. तिची लेक सिरगा त्याच्याच घरी दिलेली. आमची किरगिझ बाई एक वेळ देवाशी भांडेल, पण लेकीच्या सासऱ्याला वाकडा शब्द बोलायची नाही. जोडीला दुसरे सभासद म्हणून साबिराकून आजोबा. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून तेही पास झाले. मग केंद्राच्या दारावर फलक लागला: 'जनतेचा पैसा, जनतेचा डोळा.'

डोळ्याला जे दिसलं ते झकास होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, खिडक्या नव्या, प्रत्येक खोलीत रेडिएटर. त्यांत गरम पाणी सोडायचं ते मागच्या खोलीतल्या कोळशाच्या बॉयलरनं. त्या खोलीला मात्र कुलूप.

"किल्ली नारिनला, शहरात गेलीय, आपा," तेमिरकान म्हणाला.

पुन्हा विचारलं तरी किल्ली नारिनलाच. शेवटी बुरुलसूननं काचेला नाक लावून आत पाहिलं. भिंतीतून दोन नळ बाहेर आले होते आणि त्यांच्या पुढ्यात मोकळी फरशी होती. बॉयलर नव्हताच.

एरवी ती काणाडोळा करून गप्प राहिली असती. पण सून बेगायिमचे दिवस भरत आले होते. बर्फ पडलं की खिंड बंद, मग शहरातलं इस्पितळ असून नसल्यासारखं. बेगायिमचं पहिलं बाळ जुन्या केंद्राच्या गारठ्यातच गेलं होतं. ते इवलंसं गाठोडं बुरुलसूननंच घरी आणलं होतं, आणि त्याचा भार अजून तिच्या हातांवरून उतरला नव्हता.

बोलायचं तरी कसं? महिन्यापूर्वीच तर ती व्याह्यांकडे पाहुणचार झोडून आली होती. काय थाट केला होता तिचा! घर असं उबदार की सिरगाचं तान्हं बाळ नुसत्या झबल्यात खेळत होतं. मागच्या पडवीत नवाकोरा बॉयलर धगधगत होता. बुरुलसूनला भरून आलं होतं. चुलीला लावतात तशी तिनं त्याच्या दाराला चरबीची तीन बोटं ओढली आणि म्हणाली, "ज्यानं ही ऊब आणली त्याचं भलं होवो." गावात परतल्यावर आठवडाभर हेच पुराण चालू होतं. पोरगी चांगल्या घरी पडली.

केंद्र ताब्यात घ्यायचा दिवस ठरला. आमच्याकडे सही होते ती दुवेनंतर, दुवा होते ती जेवणानंतर, आणि एकदा दुवा झाली की त्या वास्तूला नाव ठेवायची कुणाची छाती नसते. त्यामुळे तपासणी म्हणजे तेमिरकानच्या घरी शेगडीजवळ बसून मेंढा खायचा आणि जाता जाता केंद्राकडे मान डोलवायची.

"मेंढा माझा," बुरुलसून म्हणाली. "व्याही आहेत ते माझे. आणि मेजवानी केंद्रातच, बाळंतिणीच्या खोलीत. नव्या वास्तूत पहिला घास पडायला नको का?"

तेमिरकाननं मान डोलावली. रीतीला नाही कसं म्हणणार?

बाहेर नोव्हेंबरचा वारा सुटला होता. खोलीत सतरंज्या अंथरल्या, वर जेवणाचा दस्तरखान पसरला. बुरुलसूननं व्याह्यांना मानाच्या जागी, खिडकीखालच्या रेडिएटरला टेकून बसवलं.

"कोट द्या इकडे."

"असू दे की, विहीणबाई."

"अगंबाई, घर काय गार आहे का?"

ओरोझाकूननं निमूटपणे कोट काढून दिला. मग तेमिरकाननंही काढला. कोटात बसून जेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर घर गार आहे असं सांगणं.

"बांधकाम मात्र उत्तम हं," तेमिरकान हात काखेत घालून म्हणाला.

"मजबूत," ओरोझाकून म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

मटण बुरुलसूनच्या अंगणात शिजत होतं. जाळ तिनं इतका मंद ठेवला होता की मेंढ्याला घाम फुटला असेल तर नशीब. दर थोड्या वेळानं ती चहा घेऊन येई आणि म्हणे, "आलंच हं." मटणाआधी उठणारा पाहुणा अजून आमच्याकडे जन्मायचाय. दुपार कलली. चहा पेल्यातच गार होऊ लागला. आजोबांची दाढी थरथरत होती.

एकदाचं मटण आलं. मानाचं डोकं व्याह्यांपुढे ठेवलं. परातीतून वाफ गेली आणि बघता बघता चरबी मेणासारखी पांढरी झाली. ओरोझाकून चावत होता, चावत होता, आणि घास काही उतरत नव्हता. टाळूला चिकटलेली चरबी तो जिभेनं सोडवत होता.

"अजून थोडं घ्या," बुरुलसून म्हणाली. "का आवडलं नाही?"

"छे, छे. फक्कड."

"आजोबा, दुवा द्या आता," तेमिरकान घाईनं म्हणाला.

साबिराकून आजोबांनी हात पुढे केले. तळवे आकाशाकडे उघडायचे असतात. त्यांनी उघडायचा प्रयत्न केला, मग पुन्हा केला. मग आपल्या आखडलेल्या मुठींकडे पाहून शांतपणे म्हणाले, "पोरांनो, बोटंच उघडत नाहीत. मुठी वळून देवाकडे काय मागू?"

सगळे खाली बघू लागले. दुवा नाही म्हणजे सही नाही. ओरोझाकूननं रेडिएटरवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"बॉयलर उद्या येतो," तो म्हणाला. "वाटेतच अडकला होता."

"मला ठाऊक होतं, व्याही. तुमच्या शब्दाला किंमत आहे," बुरुलसून म्हणाली आणि त्याचा कोट स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी खरंच ट्रक आला. तेमिरकान प्रत्येकाला सांगत होता, जनतेचा डोळा म्हणतात तो हा. बॉयलर आत नेला, नळ जोडले, कोळसा घातला. बुरुलसून बॉयलरचं दार लावायला वाकली आणि तशीच राहिली. हिरव्या रंगावर चरबीचे तीन करपलेले पट्टे होते. तिच्याच बोटांचे.

तिची कानशिलं तापली. लाज वाटली, इतकी की व्याह्यांकडे बघवेना. तोही दुसरीकडे बघत होता. रेडिएटर कुरकुरले, ऊब खोलीत पसरली. आजोबांनी तळवे उघडून दुवा दिली.

"आपा, सही," तेमिरकाननं पेन पुढे केलं.

बेगायिम पोट सांभाळत आत आली आणि रेडिएटरला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिली. बुरुलसूननं तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी सिरगाचा फोन आला. रडवेली होती. "आई, मामंजींनी बॉयलर काढून नेला गं. दुरुस्तीला म्हणाले. घर नुसतं बर्फ झालंय. बाळ कुडकुडतंय."

बुरुलसूननं खिडकीतून केंद्राकडे पाहिलं.

"पोराला गुंडाळ आणि इकडे घेऊन ये," ती म्हणाली. "केंद्रात तुझ्या घरासारखीच ऊब आहे."